कच्चे टाके

कंपाउंडरने चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"दुखलं?"

"नाही. तुझं चालू दे."

पट्टी निघाली. मास्तरांनी मान उचलून पोटाकडे पाहिलं. बेंबीच्या वर चार बोटं लांबीची जखम आणि तिच्यावर सात टाके. रोज पट्टी बदलताना पाहून ते त्यांना पाठ झाले होते. तिसऱ्या आणि चौथ्यातलं अंतर जास्त होतं, आणि सातवा तर चांगलाच तिरका गेला होता. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवलेल्या शिंप्याला असली शिवण बघवत नाही. पण डॉक्टरांना ते कोण सांगणार? हर्निया आत ढकलून पोट बंद करून दिलं, हेच खूप झालं.

"मस्त सुकलीय," कंपाउंडर म्हणाला. "लाली नाही, सूज नाही, पाणी नाही. आता पट्टीसुद्धा नको. तुम्ही यायचीही गरज नाही."

"आणि टाके? रविवारी दहा दिवस होतात."

"काढायचे नाहीत, मास्तर. विरघळणारे आहेत. थोड्या दिवसांत आपोआप गळून पडतील."

मास्तर उठून बसले. आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकून उठायचं, हे शिकवलेलं सगळं विसरले आणि पोटात कळ आली.

"नक्की?"

"कार्डावर लिहिलंय की. वाचलं नाहीत?"

वाचलं नव्हतं. टाका पाहिला की तो कशासाठी घातलाय हे आपल्याला कळतं, कार्ड कशाला वाचायचं, अशी त्यांची समजूत होती. शिंप्याकडे कच्चा टाका वरून दिसतो. लांब, सैल, कापड जागेवर धरण्यापुरता. ट्रायल झाली, मशीन फिरलं, की तो काढून टाकायचा. पक्का टाका आत दडतो. मास्तरांच्या पोटावरचे सातही टाके गाठींसकट वर दिसत होते, म्हणजे कच्चे, यात विचारायचं काय? म्हणूनच ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मुलीने फोनवर विचारलं, "टाके कसले घातलेत, बाबा?" तेव्हा त्यांनी ठोकून दिलं होतं, "कच्चेच आहेत. काढावे लागणार."



"मग मी येते काढायला," ती म्हणाली होती. "पुढच्या रविवारी."

लहानपणी कच्चे टाके काढणं हे तिचं काम होतं. शाळेतून आली की मशीनशेजारच्या स्टुलावर बसायची, मांडीवर कोट घ्यायची आणि सुईच्या टोकाने धागा अलगद उचलून ओढायची. कधी एका कापडाला ओरखडा आणला नाही. पुढे ती नर्स होऊन दूरच्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात लागली, तेव्हा मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे की पोरीचा हात माझ्या दुकानात तयार झालाय.

तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली. अचानकच गेली. मुलगी तेव्हा ड्युटीवर होती, येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. घर माणसांनी भरलेलं, आणि सगळ्यांच्या देखत मास्तर बोलून गेले, "जगाची सेवा करते. आईपुरती सवड मिळाली नाही." तिने ताटातलं संपवलं, ताट घासून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तिचा फोन यायचा. जेवलात का, औषध घेतलं का, इकडे ऊन फार आहे. तीन मिनिटांत विषय संपायचे. घराची पायरी मात्र ती पुन्हा चढली नव्हती. ऑपरेशनचंही मास्तरांनी तिला झाल्यावरच कळवलं. सोबत कोण होतं या तिच्या प्रश्नाला त्यांनी "होता एक जण" एवढंच उत्तर दिलं. होता तो समोरचा इस्त्रीवाला, तोही दुपारपर्यंतच.

घरी येऊन मास्तर मशीनपुढे बसले. पायडल मारायची बंदी होती, मशीनवर चादर टाकलेली होती. चादरीखाली ते कुणीतरी पाठमोरं बसल्यासारखं दिसायचं. खरं सांगायचं तर तिला आत्ताच फोन करायला हवा होता. येऊ नकोस, काढायचं काही नाही. दोन वाक्यांचं काम. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा लावला, चष्मा काढला, आणि फोन खिडकीत ठेवून दिला. शुक्रवारी तिचाच फोन आला.

"तिकीट काढलंय. रविवारी सकाळी पोचते, संध्याकाळी परत निघेन. कात्री, चिमटा मी आणते. जखम ओली करत नाही ना?"

"नाही."

"खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. बादली उचलायची नाही."

"बरं."

"आणखी काही?"

"नाही," मास्तर म्हणाले. "काही नाही."

गिऱ्हाइकांना त्यांनी आयुष्यभर खोट्या तारखा दिल्या होत्या, कुठला शिंपी देत नाही? पण पोरीशी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ, आणि तेही ती यावी म्हणून. त्यांना स्वतःची लाज वाटली. तरीही संध्याकाळी त्यांनी कुठे धागे, कुठे चिंध्या म्हणत हळूहळू अख्खी खोली झाडून काढली.

शनिवारी सकाळी सदरा बदलताना सातवा, तो तिरका टाका, एका बाजूने सुटून लोंबताना दिसला. आजच गळायला लागले तर उद्या दाखवायचं काय? त्यांनी उरलेला कापूस शोधला, तो टाक्यांवर ठेवला आणि चिकटपट्टीच्या चार पट्ट्या मारून सगळं झाकून टाकलं. पट्टीची गरज नाही, असं कंपाउंडरने बजावलं होतं. पण आता ती जखमेसाठी नव्हतीच. त्या दिवशी मास्तर फार जपून चालले, शिंक आली तर नाक दाबून धरली.

ती रविवारी नऊला आली. खांद्यावर एक लहानशी बॅग होती. कानाजवळचे केस पांढरे झालेले होते आणि ते मास्तरांनी आज पहिल्यांदा पाहिले.

"चहा घेतेस?"

"नंतर. आधी तुमचं काम."

तिने कोपरापर्यंत हात धुतले. कात्री आणि चिमटा उकळायला मास्तरांनी चहाचं पातेलं पुढे केलं तर तिने ते नको म्हणून दुसरं मागितलं. मास्तर पलंगावर उताणे झाले. छताच्या पंख्याला जाळं लागलं होतं, ते झाडायचं राहिलं याचं त्यांना वाईट वाटलं.

"ही पट्टी कुणी मारली?"

"कंपाउंडरने."

"चार पट्ट्या?"

तिने पट्टी अलगद सोडवली तसा सातवा टाका कापसाला चिकटून वर आला. तिने तो चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला. मग परत येऊन बसली, एका गाठीला चिमट्याने नुसतं टेकवलं. गाठ तिथल्या तिथे सैल झाली. पंधरा वर्षं पेशंटांचे टाके काढणाऱ्या बाईला याहून जास्त काय लागतं?

आता ती विचारणार. मास्तरांनी छताकडे नजर लावली. ती बोलायच्या आत आपणच बोलावं, असं त्यांना एकदम वाटलं, पण टाक्यांचं बोलायला गेलेल्या तोंडातून भलतंच निघालं.

"आई गेली तेव्हा मी फार वाईट बोललो तुला. तुझी काही चूक नव्हती."

चिमटा जागीच थांबला.

"बोलू नका," ती म्हणाली. "पोट हलतंय."

आवाज नर्सचा नव्हता. ती उठली, कात्री आणि चिमटा पुन्हा पातेल्यात ठेवले, नवा कापूस कापला. तो जखमेवर बसवताना तिची बोटं गार लागली.

"आज नाही काढता येणार. अजून तयार नाहीत टाके."

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती चिकटपट्टीचं टोक शोधत होती.

"किती दिवस लागतील?"

"आठ. दहासुद्धा लागतील."

"आणि तुझं काम?"

"बघते."

ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथलं बोलणं बाहेर ऐकू येतं, हे या घरात वाढलेल्या मुलीला माहीत नसेल असं नाही. आधी रविवारी त्रास दिल्याबद्दल तिने माफी मागितली. मग थोडा वेळ ऐकत राहिली.

"रजा आहे ना, मॅडम. सगळीच शिल्लक आहे, मी कुठे घेते?" ती म्हणाली. पुन्हा थांबली. "नाही, नाही. विरघळणारे नाहीत. साधे टाके आहेत. मलाच काढावे लागतील."

मास्तर होते तसेच पडून राहिले.