किती वर्षं शेकताय?

मी शेकायची पिशवी बोलतेय. लाल रबराची, एका अंगाला रेघारेघांची, दुसऱ्या अंगाला गुळगुळीत. एरवी मी गप्प बाई. गरम पाणी भरा, बूच आवळा, दुखऱ्या जागी ठेवा, की मी मुकाट्यानं कामाला लागते. पण आज मला गप्प बसवत नाही. आमच्या मधुवंतीनं काल एक फोन केलाय आणि तेव्हापासून मी रिकामी असूनही मला आतून उकळ्या फुटताहेत! सगळं सांगते. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझ्या आनंदाचं कारण तुम्हाला कळायचं नाही.

एका रबराच्या कारखान्यात, तापलेल्या साच्यातून माझा जन्म झाला. मला ज्या खोक्यात भरलं त्यावर एक बाई छापलेली होती. पोटावर पिशवी, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. ते चित्र काढणाऱ्यानं आयुष्यात कधी कोणाला शेकताना पाहिलं नसावं.

सीताबर्डीच्या एका सर्जिकलच्या दुकानात मी आठ महिने धूळ खात पडले होते. एका दुपारी उन्मेष आला. घामाघूम, हातात हेल्मेट.

"घरची पिशवी फुटली हो काल. टिकाऊ द्या जरा."

"घरी म्हातारं माणूस आहे काय?"

"नाही. बायकोसाठी पाहिजे."

दुकानदारानं पुढं काही विचारलं नाही. बायकोच्या दुखण्याबद्दल पुढं विचारायचं नसतं, हा माणसांचा रिवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पुढं तो फार वेळा दिसला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. प्रतापनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तीनच माणसं. उन्मेष, त्याची आई यमुताई आणि मधुवंती. मधुवंती एका सरकारी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. ऑफिसात पत्र हरवलं तर तिला विचारतात आणि ती ते दोन मिनिटांत काढून देते. अशी तरतरीत बाई महिन्यातले दहा दिवस खुर्चीत वाकडी होऊन बसायची, आणि मी तिच्या ओढणीखाली लपलेली असायचे.

होय, मी ऑफिसातही जायचे! तिच्या पर्समध्ये, डब्याच्या शेजारी. तिथला शिपाई धोंडबा चहाचं आधण ठेवायच्या आधी माझं पाणी तापवायचा. कोणी विचारलं तर मधुवंती सांगायची, "पित्त झालंय." झालं! सगळ्या ऑफिसनं तिच्या पित्ताचा ताबा घेतला. कोणी आवळा आणला, कोणी कोकम, एकीनं तर रोज सकाळी भिजवलेले मनुके सुरू करून दिले. सहा वर्षं मनुके खाल्ले हो तिनं, नसलेल्या पित्तासाठी.

डॉक्टरही कमी झाले नाहीत. तिची एक जुनी फाइल माझ्याच कप्प्यात असायची, त्यामुळं मला सगळं ठाऊक. कॉलेजात असताना एकानं सांगितलं होतं, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर दुसऱ्यानं सांगितलं, मूल झालं की थांबेल. मूल होईना तेव्हा दोनदा टेस्ट ट्यूब करून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं मला पोटाजवळ येऊ दिलं नाही, शेक लागून काही बिघडू नये म्हणून. दोन्ही वेळा पंधरवड्यानं मला परत बोलावलं. त्या दोन दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही. नंतर तिसरा डॉक्टर म्हणाला, चाळिशी आली की थांबेल.

चाळिशी आली. थांबलं नाही. उलट मला रोजचंच बोलावणं येऊ लागलं.

आणि आता माझा गुन्हा सांगते. तिला कोमट पाणी चालेना. गॅसवरून उतरवलेलं पाणी थेट माझ्यात ओतायची. माझं कापडी आवरण काढून टाकायची आणि मला उघड्या त्वचेवर दाबून धरायची. अशानं तिच्या बेंबीखाली तपकिरी रेघांची जाळी उमटली. पुसली तर जाईना, साबणानं जाईना. मी तिला आराम द्यायला आले आणि डाग देऊन बसले. मला भारी वाईट वाटायचं.

पण त्याच जाळीनं काम केलं!

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. रामदासपेठेत रीना मॅडम नावाच्या डॉक्टर आहेत. मधुवंती त्यांच्याकडं गेली तेव्हा मी खुर्चीवरच्या पर्समध्ये होते, चेन अर्धी उघडी. मॅडमनी तपासायला कुर्ता वर केला आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय?"

"शेकून शेकून झालंय. सॉरी मॅडम."

"सॉरी काय? किती वर्षं शेकताय?"

"वीस-बावीस असतील. आधी चार दिवस लागायचं. आता रोज लागतं."

मॅडम स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "एवढा चटका माणूस उगाच सोसत नाही. आतलं दुखणं याहून मोठं असलं तरच सोसतो." रिपोर्ट नाही, फोटो नाही, आधी विश्वास! मधुवंती तिथंच हमसून रडली, आणि मी पर्समध्ये ताठ मानेनं बसले. बावीस वर्षांत कोणी वाचलं नव्हतं ते मॅडमनी माझ्या अक्षरात वाचलं.

पुढं तपासण्या झाल्या, नाव कळलं. एंडोमेट्रिओसिस. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर कुठंही रुजतं, अंडाशयावर, आतड्यावर, आणि दर महिन्याला तेही सुजतं, रक्ताळतं, गाठी धरतं, आजूबाजूच्या अवयवांना चिकटतं. वर्षभर गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. सहा महिने बरे गेले, मग पुन्हा मी आणि गॅसवरचं पाणी.

गेल्या पंधरवड्यात मॅडमनी दोघांना समोर बसवलं. "आता दोन रस्ते आहेत. नुसत्या गाठी काढायच्या आणि गर्भाशय ठेवायचं, किंवा गाठींबरोबर गर्भाशयही काढायचं. तुमचा त्रास पाहता दुसऱ्यानं आराम जास्त पडेल असं मला वाटतं. उजवं अंडाशय ठेवू. पण दुखणं शंभर टक्के जाईल असं मी लिहून देणार नाही. आणि तुमच्या पोटी मूल मग येणार नाही, हेही स्पष्ट सांगते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझी एक तारीख मोकळी आहे. विचार करा. निर्णय तुमचा, मधुवंती. दुसऱ्या कोणाचा नाही."

निर्णय तिचा, पण मतं सगळ्यांची! घरी आल्याबरोबर फोन सुरू झाले. नणंद म्हणाली, हाडं पोकळ होतात. शेजारच्या जिजाबाई म्हणाल्या, बाई खचते, माझी जाऊ खचली. उन्मेष मात्र एकच वाक्य घोकत होता, "तू म्हणशील तसं." चहा करताना तेच, जेवताना तेच. तिसऱ्या दिवशी मधुवंतीनं मला बाजूला फेकलं आणि ती त्याच्यावर उसळली.

"तू म्हणशील तसं, तू म्हणशील तसं! तुझं काही म्हणणं नाही काय? मूल तुलेही पाहिजे होतं ना? मग तोंड उघड ना!"

उन्मेष म्हणाला, "पाहिजे होतं. फार पाहिजे होतं. पण आता मी रोज ऑफिसातून येताना फक्त हेच पाहतो, की तू उभी आहेस की पडली आहेस. मले भीती वाटते मधू. मी हे बोललो तर तुले वाटेल की मी तुले ढकलून राहिलो, म्हणून बोललो नाही."

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. दोघंही रडले. खरं सांगू का, सहा वर्षांत त्या घरात तेवढं मोकळं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. मी गार झाले तरी कोणी उचललं नाही.

राहता राहिल्या यमुताई. त्यांचं म्हणणं ऑपरेशन नको असं नव्हतंच. त्यांना अडचण महालक्ष्म्यांची होती. आमच्याकडं भाद्रपदात, गणपती बसले की तीन-चार दिवसांत, महालक्ष्म्या बसतात, म्हणजे घर तीन दिवस पाहुण्यांनी भरलेलं, सोळा भाज्या, आंबील, पुरण. आणि नैवेद्याला हात लावणारी सून त्या दिवसांत बाजूला बसून चालायची नाही. त्यासाठी पाळी पुढं ढकलायची गोळी! लग्न झाल्यापासून दर वर्षी.

"काहून वं मधू," यमुताई म्हणाल्या, "औंदा गोळी घेऊन घे ना. महालक्ष्म्या उठल्या की मग कर निवांत. बारा महिन्यांत तेच तीन दिवस तर तू मले हसतीखेळती दिसतेस."

"आई, त्यानंतर काय होतं ते आठवा."

"काय होते? दमतेस. काम काय कमी असते?"

"दमत नाही. गोळी थांबली की पाळी येते, आणि थांबवलेलं सगळं एकदम येतं. दर वर्षी महालक्ष्म्या उठतात आणि मी पडते. अकरा वर्षं तुम्ही म्हणता, पुरण वाटून दमली."

मधुवंतीनं मग मला पोटावरून उचललं आणि त्यांना ती जाळी दाखवली. एका घरात राहून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. कशी पाहणार? सुनेचं पोट कोण पाहतं? त्यांनी बोट त्या रेघांवरून फिरवलं.

"आई वं!" एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "मीच तुले त्या गोळ्या आणून देत होती ना? मीच."

मला वाटलं, आता यमुताई दोन दिवस अंथरूण धरतात. छे! पाचव्या मिनिटाला त्या पदर खोचून उन्मेषच्या पुढ्यात उभ्या. "ऊठ गा. सोळा भाज्या तू चिरशील. पुरणपोळ्या बाहेरून येतील. कोणाले चालत नसेल त्यानं दर्शन घेऊन घरी जावं. देवीले मी सांगते, तिले समजते." मी रबराची नसते तर टाळ्या वाजवल्या असत्या!

तरी बरं का, मधुवंतीनं लगेच फोन उचलला नाही. मला ते फार आवडलं. सासूची परवानगी मिळाली म्हणून तिनं ठरवलं नाही, नवरा रडला म्हणून नाही. ती एक पूर्ण दिवस सुटी टाकून घरात बसली. दोनदा टेस्ट ट्यूब केली त्या वेळचे कागद काढले, वाचले, मांडीवर घेऊन बसली. त्या न झालेल्या मुलांशी काही बोलली असेल, मला ऐकू आलं नाही. मग तिनं ते नीट घडी करून कपाटात ठेवले, तोंड धुतलं, आणि काल सकाळी अकरा वाजता फोन लावला.

"मॅडम, मधुवंती बोलतेय. गर्भाशय काढायचं. माझं ठरलं. तारीख लिहून घ्या."

आवाज कापत होता, पण एक अक्षर मागं घेतलं नाही! फोन ठेवला आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी चाललंय आणि हसतेय. संध्याकाळी उन्मेषला घेऊन सीताबर्डीला गेली आणि पांढरीशुभ्र पॅन्ट घेऊन आली. बावीस वर्षं डागाच्या धास्तीनं ही बाई काळा, निळा, तपकिरी याबाहेर गेली नव्हती. आरशापुढं उभी राहून वळून वळून मागून पाहत होती. यमुताई म्हणाल्या, "शोभून राहिली वं!"

आता मी मोरीतल्या खिळ्याला उलटी टांगलेली आहे. बूच काढलेलं, आत थेंबही नाही. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. नंतर ती मला पुन्हा मागेल का? मागेलही, मॅडमनी हमी दिलेली नाही, आणि मागितलं तर मी हजर आहे. पण माझी इच्छा विचाराल तर मला विसरून जा गं मधू. माझं रबर कडक होऊ दे, माझ्या घड्यांना चिरा पडू दे. वस्तूला टाकून दिल्याचं दुःख होतं म्हणतात. मला नाही होणार, शपथेवर सांगते.

आणि तुम्ही, ऐकणारे. तुमच्या घरात एखादी पोरगी, एखादी सून, एखादी बहीण दर महिन्याला माझ्यासारखीला मागत असेल, तर पाणी जरूर तापवून द्या. पण पिशवी हातात देऊन पाठ फिरवू नका. तिच्याजवळ बसा, किती दुखतं ते विचारा, आणि ती जेवढं सांगेल तेवढं खरं माना.