उत्तरेश्वरची दुसरी गिरणी

उत्तरेश्वर नाकावर माशी बसू द्यायचा नाही. शनिवार पेठेत त्याची पिठाची गिरणी अठ्ठावीस वर्षांची. माणूस मूळचा लातूरकडचा, पण पेठेने त्याची जीभ पुरती आपल्यात ओढून घेतली होती. ‘जरा बारीक दळा हं,’ असं कुणी म्हटलं की हा विचारणार, ‘का, मागच्या वेळी खडी दिली होती?’ तरी रांग हटायची नाही, कारण दळण चोख. डबा काट्यावर ठेवायचा आणि नाव, वजन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, ही त्याची पद्धत. ‘सुहासिनीबाई, पाच किलो दोनशे!’ की झालं.

पण त्याचा खरा अभिमान वेगळाच होता. त्याच्याकडे दोन गिरण्या. एक गव्हाची, दुसरी ज्वारी, बाजरी, तांदळाची. रविवारी गर्दी फारच उसळली तर दुसरीवरही गहू निघायचा, नाही असं नाही. पण मग दोन मुठी ज्वारी टाकून जातं साफ केल्याशिवाय हा कुणाची ज्वारी घ्यायचा नाही. “माझ्या ज्वारीच्या पिठात गहू दाखवा आणि गिरणी घेऊन जा,” असं छाती ठोकून सांगायचा.

एका सोमवारी सकाळी श्यामलाने तो दाखवला.

श्यामला पलीकडच्या बोळात राहायची, पोस्टात नोकरीला होती. तिची ऋतुजा आठ वर्षांची, काडीसारखी पोर. आईबरोबर आली की डब्याच्या आधी स्वतःच काट्यावर चढायची, आणि उत्तरेश्वर ओरडायचा, “ऋतुजाबाई, सोळा किलो चारशे! डब्यात घालून घरी न्या!” सगळे हसायचे. वर्षभर तो हेच ओरडत होता. आकडा हलत नव्हता, हे काही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी श्यामला एकटीच आली. हातात डबा आणि एक कागद. “काका, रागावू नका,” ती हळूच म्हणाली. “तुमच्याकडचं ज्वारीचं पीठ मी प्रयोगशाळेतून तपासून आणलं. त्यात गहू निघालाय.”

रांगेतल्या सात माना एकदम वळल्या. उत्तरेश्वरची कानशिलं तापली.

“म्हणजे मी भेसळ करतो?”

“तसं नाही हो काका. ऋतुजाला सिलिअ‍ॅक आहे. गहू पोटात गेला की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. डॉक्टर म्हणाले, अशा आजारांत शरीर आपल्याच माणसांना चोर समजतं. कुणाला एखाद्या तापानंतर सुरू होतं, कुणाचं उन्हाने उसळतं, कुणाचं मनाच्या ताणाने. बहुतेकांना नेमकं कारण शेवटपर्यंत सापडतच नाही. हिच्या बाबतीत निदान कारण ठाऊक आहे, गहू. चिमूटभरसुद्धा चालत नाही. वर्ष झालं बंद करून. हिंगात गव्हाचं पीठ असतं म्हणून हिंग बदलला. शाळेत खेळायला देतात ती रंगीत मळलेली कणीक बंद केली. तरी रक्ताच्या तपासणीत या आजाराचा आकडा उतरेना. मग एकच गोष्ट उरली...”

“तर मग दुसरी गिरणी बघा!” उत्तरेश्वरने डबा पुढे ढकलला. “अठ्ठावीस वर्षांत माझ्या दळणाने कुणी आजारी पडलं नाही!”

श्यामलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती डबा उचलून निघून गेली.

दुपारी शटर अर्धं ओढून उत्तरेश्वर जेवायला बसला. बायको मुक्ताई ताटात भाकरी वाढताना म्हणाली, “पोरीचं वजन रोज ओरडता. कधी वाढलेलं ओरडलात का?”

एवढंच. पण वर्मी लागलं.

तो हात धुऊन उठला, पाना घेतला आणि दुसऱ्या गिरणीचं झाकण उघडलं. खोटं पाडायला निघाला होता तो त्या कागदाला! जात्याभोवतीच्या खाचा खरवडल्या. पीठ ज्यातून खाली पडतं ती कापडी पिशवी उलटी करून झटकली. दोन मुठी ज्वारीने साफ होतं म्हणे. तिथे कोपऱ्याकोपऱ्यात थर बसले होते. ते सगळं परातीत जमा केलं, पाणी घालून मळलं, आणि तो गोळा वाडग्यातल्या पाण्यात चोळत बसला. दळणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. ज्वारीला चिकटपणा नसतो, ती पाण्याबरोबर निघून जाते. गहू असेल तर चिवट लगदा मागे राहतो.

पाणी तीनदा बदललं. शेवटी त्याच्या तळहातावर बोराएवढा रबरासारखा लगदा उरला. ताणला तर ताणला जाई, सोडला की परत जागेवर येई.

उत्तरेश्वरने तो लगदा बायकोपुढे धरला. “मुक्ता,” तो म्हणाला, “मीच खाऊ घालत होतो गं तिला.”

पुढचे दोन आठवडे पेठेला फुकटची करमणूक झाली. मागची खोली धान्याच्या पोत्यांची होती, ती त्याने रिकामी केली, भिंती धुऊन काढल्या, दार बसवलं. दुसरी गिरणी तिथे हलवली. जाती नवी, पिशवी नवी, झाडू नवा, काटासुद्धा नवा. तिथे फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ. तेही निवडून, गव्हाचा दाणा नाही ना हे बघून. दळण पहाटे, गव्हाची गिरणी सुरू व्हायच्या आधी, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून.

“काय हो, पिठाचं सोवळं सुरू केलंत?” सुहासिनीबाईंनी टोमणा मारला.

“हो. तुमचं देवाचं, माझं पोटाचं,” उत्तरेश्वर म्हणाला. “शिवायचं नाही!”

सगळं झालं, पण खरी परीक्षा पुढेच होती. अठ्ठावीस वर्षांत तो कुणाच्या दारात गेला नव्हता. लोक त्याच्या दारात यायचे. त्या रविवारी तो बंद डबा घेऊन श्यामलाचे दोन जिने चढला. दारातच म्हणाला, “श्यामलाताई, तुमचं खरं होतं. माझं चुकलं.” हे शब्द त्याच्या तोंडून निघताना मुक्ताईनेही कधी ऐकले नव्हते. “हे पीठ आधी तपासा. लगेच पोरीला देऊ नका. माझ्यावर विश्वास ठेवू नका.”

श्यामलाने तपासलं. गहू निघाला नाही. दर महिन्याला ती तपासत राहिली, आणि तो दर महिन्याला विचारत राहिला, “निघाला?” “नाही, काका.” मग त्याला चहा गोड लागायचा.

लग्नसराईत मात्र कसोटी लागली. गव्हाच्या गिरणीचा पट्टा तुटला आणि त्याच दिवशी दत्तोबा केटरर चाळीस किलो गहू घेऊन दारात उभा. जुनं गिऱ्हाईक, वर्षाचं काम त्याचं.

“मागची चालू आहे ना? त्यावर काढ.”

“तिच्यावर गहू जात नाही.”

“अरे, एका पोरीसाठी? नंतर पुसून घे की! नाहीतर मी आपला दुसरीकडे चाललो.”

पुसून घे! उत्तरेश्वरच्या तळहाताला तो चिवट लगदा पुन्हा जाणवला. त्याने दोन पोती स्वतः उचलून दत्तोबाच्या टेम्पोत ठेवली. “सावकाश जा,” म्हणाला. दत्तोबा गेला, तो पुन्हा काही आला नाही. त्या रात्री उत्तरेश्वर दोन भाकऱ्या जास्त जेवला.

आठ महिने झाले. एका शनिवारी गर्दीच्या वेळी श्यामला आली, हातात कागद. पुन्हा सात माना वळल्या. पण तिच्या मागून ऋतुजा धावत आली, गाल वर आलेले, वेणी जाड झालेली. “काका, माझा रक्तातला आकडा उतरला!” म्हणत ती सरळ त्याच्याकडे झेपावली.

“थांब!” उत्तरेश्वर असा गरजला की पोर जागीच खिळली. तो कोपरापर्यंत गव्हाच्या पिठाने पांढरा झाला होता. “मला शिवू नकोस. हाताला लागून तोंडात जाईल.”

त्याने गिरणी बंद केली. रांगेला सांगितलं, “ज्याला घाई आहे त्याने जावं.” कुणी हललं नाही. तो आत गेला, डोक्यावरून पाणी ओतलं, धुतलेला सदरा चढवला, आणि मागच्या खोलीतला काटा दोन्ही हातांनी उचलून बाहेर ओट्यावर आणून ठेवला.

“चढ.”

ऋतुजा चढली. उत्तरेश्वर खाली वाकला. आकडा बघितला, पुन्हा बघितला.  मग त्याने डोळे पुसले, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला,

“ऋतुजाबाई, वीस किलो शंभर!”