एकतीस फुल्या

चंपतरावांनी चष्मा नीट बसवला आणि अहवालातल्या तक्त्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. कोराडीच्या रांगेत एकही फुली नव्हती.

चार महिने कोराडीच्या वीज कॉलनीतल्या पोरांना घेऊन ते गच्चीवर बसले होते. काम जितेंद्रनं दिलेलं. दहावीपर्यंत तो त्यांच्याच हाताखाली शिकला, आता नागपुरात इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करत होता. त्याच्या पेटीनं दुसऱ्याच्या वायरलेस चॅनेलचा कानोसा घ्यायचा. मालक बोलत असेल तर लाल दिवा. गप्प असेल तर हिरवा, म्हणजे तेवढा वेळ ते चॅनेल आपण वापरायचं. समोरच्या इमारतीवरून त्या पोरांतली खुशी बटण दाबून मालक व्हायची. तरी दिवा हिरवाच राहिला, की वहीत फुली. वीजकेंद्राच्या मोठ्या तारांच्या गुणगुणीत पेटी एकतीस वेळा फसली होती.

"त्या फुल्या धरल्या तर सगळं कोसळते, सर," समोर बसलेला जितेंद्र म्हणाला. " पाव सेकंदात निकाल देणारी पेटी आहे हे."

"उद्या अँब्युलन्सवाला वायरलेसवर बोलून राहिला, अन् हिले ऐकूच नाही आलं तर? काहून गा, त्याचं बोलणं दाबूनच बोलन ना हे?"

जितेंद्रनं एक कागद पुढे सरकवला. 'सर्व नोंदी समाविष्ट आहेत.' खाली चंपतरावांच्या सहीसाठी जागा.

दारातून खुशी डोकावली.

"सर, माह्या फुल्या काहून नाही दिसून राहिल्या? चुकल्या का?"

"नाही वं. बरोबर आहेत."

जितेंद्रचा आवाज खाली आला. "आता पोरीसमोर मलेच चोर ठरवता? विज्ञान प्रदर्शनात माहा आलेख वाकडा येत होता. ते दोन आकडे कोणी खोडले होते, सर? ढाल भेटली तं सगळ्या गावात मिरवलं तुमी मले."

चंपतरावांनी पेन उचललं. छापील ओळीवर त्यांनी काट मारली आणि फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरांत खाली लिहिलं, 'एकतीस नोंदी वगळल्या आहेत.' मग सही केली.

"ते दोन आकडे मीच खोडले होते," ते म्हणाले. बघत होते खुशीकडे.

मग कागद टेबलावरून पलीकडे गेला.

"वाच, जितेंद्र. मोठ्यानं."

जितेंद्र उभा राहिला. आपण उभे आहोत हे त्याला जरा उशिरानंच कळलं.