सुळा दिसला की

“जीभ लावू नकोस, दात वाकडा येईल.”

माझ्या सासूबाईंचं हे वाक्य आमच्या ठकूने लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की दात पडला की ती गाल फुगवून, जीभ आत ओढून शहाण्यासारखी बसायची. म्हणून तेराव्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी तिचा एक्स-रे दाखवला, तेव्हा ती रडवेली होऊन पहिलं हेच म्हणाली, “मी तर जीभ लावलीच नव्हती!”

पडद्यावर तिचे सगळे दात रांगेत उभे होते. फक्त वरचा डावा सुळा टाळूत आडवा निजलेला, आणि त्याचं टोक पुढच्या दाताच्या मुळाला टेकलेलं. त्याच्या जागेवर दुधाचा सुळा अजून ठाण मांडून होता.

“जिभेचा काही दोष नाही,” डॉक्टर म्हणाल्या. बाई तरुण होत्या, पण बोलणं सावकाश. “पुष्कळदा हे घराण्यातूनच येतं. तुमच्याकडे आणखी कुणाचा असा...” आणि त्या थांबल्या. सासूबाई नातीला धीर द्यायला हसत होत्या. त्यांच्या हसण्यात डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक दात दिसतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो बघत होते.

“आजी, जरा आ करता?”

आजींनी आ केला. डॉक्टरांनी आरसा फिरवला, बोटाने दात हलवून पाहिला. आजी कळवळल्या. मग त्यांचाही एक्स-रे निघाला. नातीसारखाच आजीचाही सुळा टाळूत आडवा पडलेला, आयुष्यभर.

“आजी, हा तुमचा दुधाचा दात आहे.”

घरी आल्यावर सासऱ्यांना कोण आवरणार! आमच्या घरात कुणीही तोंड वर करून बोललं, अगदी माझा नवरासुद्धा, तरी सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, “अजून दुधाचे दात पडले नाहीत आणि मला शिकवतोस?” सासरे खुर्चीत हसून हसून खोकायला लागले. “म्हणजे इतकी वर्षं मी एका कुक्कुल्या बाळाच्या धाकात काढली तर!”

“तुम्ही गप्प बसा हो,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू येत होतं, पण हात गालावर होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेले कितीतरी दिवस त्या एकाच बाजूने चावत होत्या. डॉक्टरांनी त्यांनाही सांगितलं होतं, दुधाच्या दाताचं मूळ झिजलंय, आत पू धरायच्या आत तो काढून घ्या. वरचा आडवा सुळा मात्र निजलाय तसा निजू दे, वर्षाकाठी एकदा फोटो काढून बघत राहू.

ठकूचं तसं नव्हतं. तिच्या सुळ्याचं टोक पुढच्या दाताचं मूळ खाऊ लागलं असतं, तर तो चांगला दातच गेला असता. टाळू बधिर करून थोडी उघडायची, दुधाचा सुळा काढायचा, आतल्या सुळ्याला बारीकसं बटण चिकटवायचं, त्याला साखळी, टाळू परत शिवायची, आणि साखळीचं बाहेर राहिलेलं टोक इतर दातांवरच्या तारेला रबराच्या इवल्याशा कड्याने ओढून दात हळूहळू जागेवर आणायचा. “जोर लावला तर तो हटून बसतो,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “रोज थोडं थोडं, न चुकता. रबर तिचं तिने बदलायचं.”

ठकूने मान हलवली. “नाही. आजीचा राहिलाय ना तसाच? तिचं काय अडलं?”

मी समजावलं, तिच्या बाबांनी समजावलं, सासऱ्यांनी आइस्क्रीम कबूल केलं. पोरगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. शेवटी सासूबाई तिच्या पायाशी जाऊन बसल्या.

“ठकू, मला सुईची भीती वाटते,” त्या म्हणाल्या. मी दारात उभी होते. ज्या बाईने आमच्या बाथरूममध्ये शिरलेला साप झाडूने बाहेर घालवला, तिच्या तोंडून हे ऐकून मी थक्क झाले. “तुझ्यापेक्षा जास्त वाटते. पण आपण करार करू. आधी तू. तुझा सुळा टाळूत दिसला, की त्याच आठवड्यात मी जाऊन हा दाणा काढून घेते.”

“देवाशप्पथ?”

“देवाची शप्पथ कशाला? मी शब्द दिला की दिला.”

ठकू गेली. टाळू उघडली त्या दिवशी सासूबाई खुर्चीच्या पायथ्याशी बसून तिचे तळवे धरून होत्या, कारण हातांच्या बाजूला डॉक्टरांना जागा हवी होती. पोरीने हूं की चूं केलं नाही. बाहेर येताना आजीनेच तिचा हात घट्ट धरला होता.

मग सुरू झालं वाट बघणं. दर रविवारी नाश्ता झाला, की ठकू खिडकीशी आ करून बसायची आणि सासरे विजेरी धरायचे. “काही नाही अजून. बाळराजे निजलेत.” सासूबाई ऐकून मान हलवायच्या आणि भाजी निवडायला बसायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी असायची, आणि खोटं का बोलू, थोडं हायसंही वाटलेलं दिसायचं.

पहाटे मी देवापुढे बसते, तो माझा नेम आहे. सासूबाईही शेजारी असतात. त्या दिवसांत त्यांचं पुटपुटणं माझ्या कानावर पडायचं, “देवा, पोरीचा दात लवकर येऊ दे.” मग जरा थांबून, “म्हणजे अगदी उद्याच असं नाही. तुझ्या सवडीने.” मला हसू आवरायचं नाही. पण माझंही मागणं तेच होतं, फक्त सवडीची सूट नव्हती.

सुरुवातीला दात हलला. एक्स-रेत त्याचं टोक मुळापासून सुटलेलं दिसलं. आणि मग थांबला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आत बघितलं आणि आरसा बाजूला ठेवला.

“ठकू, रबर लावतेस ना?”

“हो.”

“रोज?”

ठकूने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

“हे असं सोडून दिलं ना, तर तो पुन्हा पुढच्या दाताच्या मुळावर रेलेल,” डॉक्टर न रागावता म्हणाल्या. “आणि मग मलाही काही करता येणार नाही, बेटा.”

घरी येईपर्यंत मी रागाने धुमसत होते. इतके हाल सोसले पोरीने, आणि आता आळसाने सगळ्यावर पाणी पाडतेय! स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या मी तिला धरलं. “का नाही लावत? दुखतं का? की विसरतेस?”

“नाही दुखत.”

“मग?”

“आई, हळू बोल.”

“का हळू बोलू?”

तिचे डोळे भरले. “अगं, तो दिसला की आजीला जावं लागेल. ती रात्री झोपेत गाल धरते. तिला सुई आवडत नाही आई, ती खरंच घाबरते. मी... मी थोडे दिवसच काढून ठेवलं होतं. मला वाटलं, थोडा उशीर झाला तर काय होतंय.”

मी तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून बघितलं, तर सासूबाई दारात. हातात पाण्याचा रिकामा तांब्या. किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. त्या आत आल्या, तांब्या भरून घेतला आणि म्हणाल्या, “ठकू, रबराची पिशवी कुठाय? आण. माझ्यासमोर लाव.”

तिने लावलं. आजीने चष्मा नाकावर सरकवून नीट बघितलं. “उद्या पण,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ठकू शाळेत गेली. सासरे पेपर चेहऱ्यावर ठेवून डुलक्या काढत होते. मी कपडे वाळत घालून आले, तर सासूबाई इस्त्रीची साडी नेसून पायात चपला सरकवत होत्या. पिशवीत रुमाल, पाण्याची बाटली आणि त्यांचा एक्स-रे.

“आई, अजून तिचा दिसला नाहीये.”

“माहितीय.”

“थांबा, मी येते बरोबर.”

“नको गं. तू आलीस तर मी रडेन. एकटी असले, तर लाजेकाजेस्तव बसेन तरी.” त्यांनी दाराची कडी काढली. सासऱ्यांकडे एकदा बघितलं, आवाज होऊ नये म्हणून दार हाताने अलगद ओढलं. मग फटीतून डोकं आत घालून कुजबुजल्या, “यांना उठल्यावर चहा दे. विचारलं तर म्हणावं, बाळ मोठं व्हायला गेलंय.”

मी जिन्याशी गेले. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताने पिशवी पोटाशी धरून, त्या एकेक पायरी उतरत होत्या.