पाळण्यातलं नाव

"ब्राइना परत ओली झाली गं!" आतून पुरुषाचा आवाज आला, तशी दारात उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या ब्राइनाने चटकन आपला झगा मागून चाचपला. कोरडा होता.

दार उघडणाऱ्या बाईने आधी ज्यू अनाथांच्या समितीच्या एडेलबाईंकडे पाहिलं, मग पोरीकडे. पाहिलं आणि चौकट घट्ट धरली.

"आम्ही पत्र पाठवलं होतं," एडेलबाई म्हणाल्या. "तुमच्या बहिणीची, टॉयबाची मुलगी. एका खेड्यात कॅथलिक कुटुंबाकडे सापडली."

"मिळालं पत्र," मावशी म्हणाली. "मला वाटलं, चूक असेल."

पोलंडमधल्या वूच शहरातली ती तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. आत येता येता ब्राइनाने सगळं मोजून टाकलं. पलंग एक, ताटल्या तीन, खिडकीतून उडी मारण्यात अर्थ नाही. युद्धात लपून राहताना तिने तीन वर्षांत चार घरं बदलली होती आणि कोणती बाई ठेवून घेईल, कोणती हाकलेल, हे ती हातांवरून ओळखायची. या बाईचे हात कापत होते. हे तसं बरं लक्षण. कापणारे हात बहुधा जेवायला वाढतात.

तिला इथेच राहायचं होतं. नाहीतर एडेलबाई तिला अनाथाश्रमात नेणार होत्या, आणि रक्ताचं म्हणावं असं दुसरं कुणी जगात उरलं नव्हतं.

"टॉयबाचंच नाक," मावशी पुटपुटली. पोरीच्या नाकाला तिने बोट लावलं आणि रडू लागली. जवळ मात्र घेतलं नाही. ब्राइनाने हेही टिपलं.

मावशीचा नवा नवरा लाइबिश पाळण्यापाशी वाकून तान्ह्या पोरीचं दुपटं बदलत होता. "ये, ये, लाजू नकोस! हिची तर सगळ्यांसमोर फजिती चाललीय. तुझं नाव काय?"

"ब्राइना."

हे नाव तिने तीन वर्षं रोज रात्री पांघरुणात तोंड खुपसून एकदा म्हटलं होतं. आडनाव पहिल्याच घरात सोडावं लागलं, बोली दुसऱ्या घरात. आईचा चेहरा कधी गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. चारही घरांत ती कॅथलिक नावाने स्ताशा होती. ब्राइना हे एवढंच तिने कुणाला दिलं नव्हतं.

लाइबिशच्या हातातली पिन हातातच राहिली. "हीसुद्धा," तो पाळण्याकडे बघत म्हणाला.

"मला सांगितलं, तूही टॉयबाबरोबर छावणीच्या गाडीत चढलीस," मावशी घाईघाईने बोलू लागली. "पाहणाऱ्याने शपथ घेतली गं! मेलेले एवढे आणि पाळणा एकच. हे म्हणत होते, त्यांच्या आईचं नाव ठेवू. मी हट्टाने तुझं ठेवलं."

"मग बदला की आता," एडेलबाई म्हणाल्या.

"तीन महिन्यांच्या जिवाचं नाव बदलू? आणि नाही बदललं तर? आपल्या ज्यूंत नाव मेलेल्याचंच ठेवायचं असतं, बाई, तुम्हाला का मी सांगायचं? एका छपराखाली दोन जिवंत ब्राइना! मृत्यूचा दूत एकीसाठी येईल आणि दुसरीला उचलून नेईल."

"अगं, त्या मेल्याने अख्ख्या गल्ल्या नेल्या," लाइबिश म्हणाला. "एकदा तरी थांबून विचारलं, कोण कुठली?"

"थट्टा नको. माझे दोन्ही मुलगे गेलेत."

लाइबिशने मान खाली घातली. एडेलबाईंनी पिशवीतून कागद काढला. "मग मी काय करू? सही करताय की परत नेऊ हिला?"

मावशीचा एक हात पोरीच्या बाहीवर होता, दुसरा पाळण्याच्या कडेवर. दोन्ही घट्ट. ब्राइनाने आधी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. कोणता सुटणार हे कळायला तिला वेळ लागला नाही.

"स्ताशा लिहा," ती म्हणाली.

"अगं, प्रवासभर तर बजावत होतीस, स्ताशा म्हणू नका म्हणून!"

"सवय आहे मला."

मावशीने श्वास सोडला. जरा लवकरच सोडला. "नुसतं हाक मारायला गं," ती म्हणाली आणि तिने सही केली.

एडेलबाई गेल्यावर मावशीने पोरीला स्टूल दिलं, पावाचा जाड तुकडा कापला आणि त्यावर चरबी फासली, नवऱ्याच्या तुकड्यापेक्षा चांगली दुप्पट.

"खा, स्ताशा. किती वाळलीस गं."

पहिल्याच खेपेला नाव तिच्या तोंडात चपखल बसलं.

पोरीने पाव हातात घेतला, परत ताटलीत ठेवला. मग डोळे मिटून बोटं कपाळाला लावली, छातीला लावली, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला, क्रूसाची खूण. ओठ हलत राहिले. कसलीही घाई नव्हती.

लाइबिशचा घास थांबला. मावशी खिडकीकडे बघू लागली.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "आपल्या घरात असं करत नाहीत."

"ब्राइना नाही करायची, काका," पाव उचलत ती म्हणाली. "स्ताशाला एवढंच येतं."