चिकटलेली पानं

मृणालचं पत्र दिवाळीनंतर आलं आणि थंडी सरत आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मृणाल माझ्या एका दिवंगत मित्राची मुलगी. ज्या मुलांना वाचणं-लिहिणं जड जातं, अशांसोबत ती नागपूरला काम करते. फोनवर मला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत हे तिला ठाऊक आहे, म्हणून पत्र. दिवाळीत ती आमच्याकडे भिलाईला राहून गेली होती. तिने लिहिलं होतं, 'काका, मोना हुशार आहे, पण तिच्या वाचनाबद्दल मला शंका येते. शंकाच, खात्री नाही. ती घरी कशी वाचते ते नीट बघा, मला कळवा. मग तपासू.'

'तपासू' या शब्दाची मला भीती बसली. एकदा लिहून धाडलं की माझ्या नातीला काहीतरी नाव पडेल आणि ते कुणाला पुसता येणार नाही. शिवाय मी कोण सांगणारा? जन्मभर पुस्तकं वाचली म्हणून मुलं कळतात असं थोडंच आहे.

आमच्याकडे दुसरं, सोपं कारण तयारच होतं. मोना दुसरीत आहे. शाळेतल्या बाईंनी माझ्या सुनेला, स्नेहलला, सांगितलं होतं, "घर में मराठी बोलते हैं न, इसीलिए बच्ची कन्फ्यूज़ होती है. बंद कीजिए." त्या दिवसापासून आमच्या क्वार्टरमध्ये मराठी बंद. मुलगा रूपेश स्टील प्लांटमधून शिफ्ट करून यायचा आणि विचारायचा, "खाना बना क्या?" वर्ध्याची स्नेहल म्हणायची, "बन रहा है जी," आणि दोघं हसत. हसणं लवकरच संपलं. दुपारी मी मोनाला मराठी गोष्ट वाचून दाखवायचो, तीही बंद झाली. मोना बोलेनाशी झाली. "आबाजी" म्हणायची आणि पुढचं गिळायची. सकाळी शाळेचे बूट पायात घालताना तिला उलटी व्हायची.

दोष मराठीचा, म्हणजे पर्यायाने माझा होता. आणि मला तो दोष हवासा वाटत होता. भाषा बंद करता येते. दुसरं काही असेल तर काय बंद करायचं?

मग तो दिवस आला. शाळा सुटली, फाटकातून सगळी मुलं बाहेर पडली, रिक्षा भरभरून गेल्या, मोना आली नाही. मी प्रत्येक वेणीकडे बघत होतो. वॉचमनला विचारायचं तर तोंडातून शब्द फुटेना. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि मी ट्रकांकडे बघायचं टाळत होतो. शेवटी शाळेतली आया गुलाबबाई तिला हाताला धरून घेऊन आली.

"ए नोनी बाथरूम मा लुकाय रिहिस, बाबूजी."

मोना बाथरूममध्ये लपून बसली होती. तिचे हात बर्फासारखे गार होते. वाटेत ती बंदी विसरून म्हणाली, "आज माझा नंबर होता, आबाजी. उभं राहून वाचायचा."

"मग?"

"मग सगळे हासतेत न."

घरी स्नेहल नव्हती. मीही बंदी मोडली आणि बकरीच्या गोष्टीचं जुनं मराठी पुस्तक काढलं. मोनाने ते माझ्या हातातून ओढलंच. "मी वाचते!" हे पुस्तक ती नेहमीच घडाघडा वाचायची. नात मराठी वाचते म्हणून मी शेजाऱ्यांपुढे मिरवलंही होतं. मांडीवर बसून ती ओळींखाली बोट फिरवू लागली. मध्येच दोन पानं एकदम उलटली. कधीतरी सांडलेल्या जॅमने ती चिकटली होती. मोनाला पत्ता नाही. ती पुढे वाचतच होती, "मग बकरी विहिरीवर गेली अन् म्हणाली, बाई, मले पाणी दे."

उघड्या पानावर विहीर नव्हतीच. बकरी बैलगाडीत बसून बाजाराला निघाली होती.

मी 'बाजार' या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय, बेटा?"

तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. "बैलगाडी?"

बोट सरकवून मी 'बकरी' दाखवलं. पानापानावर असलेला शब्द. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "याले मी ओळखते का, आबाजी?"

"रोज तर भेटतो तुले."

"रोज नवीनच दिसते."

म्हणजे अख्खं पुस्तक तिने माझ्या आवाजावरून पाठ केलं होतं. इथे हसणारं कुणी नव्हतं, भाषा तिची स्वतःची होती, आणि तरीही अक्षरं तिला ओळख देत नव्हती. माझं सोपं कारण गेलं. आता मला खरी भीती वाटू लागली.

संध्याकाळी मी रूपेश आणि स्नेहलला मृणालच्या पत्रासकट सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मराठी वाचलीच, मामाजी," स्नेहल म्हणाली. सासऱ्याला ती मामाजीच म्हणते. रागाच्या भरात तीही मराठीतच बोलली. "अन् मृणालताईला कळवलं, शाळेपर्यंत गेलं, तर? मतिमंद म्हणून काढून टाकतील पोरीले."

"अन् नाही कळवलं तर रोज बाथरूममध्ये लपन," रूपेश म्हणाला.

मी बकरीचं पुस्तक दोघांपुढे ठेवलं. "सगळं पुस्तक तोंडपाठ आहे तिले. मतिमंद कशी असेल? मला नक्की काही सांगता येत नाही. माझं चुकतही असेल. पण भाषेचा हा दोष नाही."

स्नेहलने कणीक मळून झाकून ठेवली. मग म्हणाली, "लिहा. सकाळी पोटात दुखते, उलटी होते, तेही लिहा. सगळंच लिहा."

उत्तर लिहिताना मी तीन कागद फाडले. सकाळी मोनाला घेऊन सेक्टरच्या पोस्टापाशी गेलो. शाळेला आज सुट्टी हवी, असं स्नेहलनेच म्हटलं होतं.

"काय लिहिलं, आबाजी?"

"तू बकरीची गोष्ट कशी सांगतेस ते."

"अन् मले वाचता येत नाही, ते?"

"तेही."

तिने पाकीट छातीशी धरलं. "मृणालआत्या हासन का?"

"नाही," मी म्हणालो. माझ्याच आवाजावर माझा विश्वास नव्हता.

मोना टाचा उंचावून उभी राहिली, पाकीट लाल डब्याच्या फटीपर्यंत नेलं, थोडं थांबली आणि सोडलं. ते आत पडलं. तरी मी फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं, कुठे अडकलं तर नाही ना.