रेकॉर्डिंग बंद करून

निहारिकाची नोकरी माझ्यामुळे गेली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतोय, कारण मी स्वतःला चांगला ओळखतो. दोन पानं मिळाली तर मी दोष कंपनीवर ढकलेन, मग सरकारवर, आणि शेवटी हळूच त्या पोरीवरही.

डब्लिनमधल्या एका बिझनेस स्कूलमध्ये मी करिअर सल्लागार आहे. वर्षातून दोनदा पुण्याला जायचं, हॉटेलच्या हॉलमध्ये टेबल मांडून आईबापांना आयर्लंड विकायचं. पोरं इथे आली की त्यांना नोकरी कशी मिळवायची ते शिकवायचं. सीव्हीवर फोटो नको, जन्मतारीख नको, वडिलांचं नाव तर मुळीच नको. मुलाखतीला गेलात की आधी दोन मिनिटं हवापाण्यावर बोला, मग कामाचं. हे सगळं इंग्रजीत, झूमवर, रेकॉर्डिंग चालू ठेवून. आम्ही मुलांची तयारी करून घेतो याचा कॉलेजला पुरावा लागतो.

तास संपला की मी म्हणायचो, "मराठी मंडळी, जरा थांबा." बाकीचे निघून जायचे. मी रेकॉर्डिंग बंद करायचो, आणि मग खरा तास सुरू व्हायचा.

नोकरीच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात एक प्रश्न असतो. तुमच्यासाठी कंपनीला आत्ता किंवा पुढे कधी वर्क परमिट काढावं लागेल का? मास्टर्स झाल्यावर सरकार इथे दोन वर्षं राहू देतं, नोकरी करू देतं. त्यानंतर परमिट लागतंच. म्हणजे खरं उत्तर 'हो'. पण 'हो' केलं की बहुतेक ठिकाणी अर्ज माणसाच्या हातात पडायच्या आधीच कचऱ्यात जातो. म्हणून मी सांगायचो, "'नाही' करा रे सरळ. आज लागतंय का? नाही ना? एकदा आत शिरा, काम दाखवा, मग झक मारत परमिट काढून देतात. मीपण तेच केलं होतं."

निहारिकाच्या बॅचला हे सांगितलं, त्या दिवशी तिने विचारलं होतं, "पण दादा, 'पुढे कधी' असंही लिहिलंय ना तिथे."

"तू नाशिकहून इतक्या लांब काय प्रश्नपत्रिका तपासायला आलीस का गं?" मी म्हणालो. पंधरा-वीस चौकोनांतली सगळी तोंडं हसली. तीही हसली. आणि तिने 'नाही' केलं.

मराठीत सांगितलं की पोरांना आपलं माणूस भेटल्यासारखं वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, असं मी स्वतःला सांगायचो. कॉलेजात मराठी कुणाच्या बापाला कळत नाही, ही सोय मात्र मी कधी बोलून दाखवली नाही.

निहारिकाला सँडीफोर्डच्या एका कंपनीत नोकरी लागली. कुठला माल कुठल्या गोदामात कधी पोचेल याचा हिशेब करायचं काम. पोरगी हुशार. दीड वर्षात तिच्याशिवाय त्यांचं पान हलेना. मी तिचा फोटो मागून घेतला आणि पुण्याच्या टेबलामागच्या पोस्टरवर छापला. या मे महिन्यात, तिची दोन वर्षं संपत आली तेव्हा, तिच्या मॅनेजरनेच परमिटचा विषय काढला. फाइल एचआरकडे गेली, एचआरने जुना अर्ज उघडला आणि तो 'नाही' सापडला.

"दादा, गुरुवारी अकराला बोलावलंय," तिचा फोन आला. आवाज शांत होता. "म्हणतात, खोटी माहिती दिलीस. मी सांगितलं, करिअर ऑफिसने असंच भरायला सांगितलं होतं. तर एचआरच्या बाई म्हणाल्या, तसं असेल तर ज्यांनी सांगितलं त्यांना घेऊन ये. मग विचार करता येईल. तुम्ही याल ना?"

"येतो की. त्यात काय एवढं."

घरी, ॲडम्सटाउनला, माझी बायको केतकी धुतलेल्या ताटल्या प्रेसमध्ये लावत होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आमच्याही तोंडात तेच बसलंय. मी तिला सगळं सांगितलं.

"जा ना. पण बोलणार काय?"

"खरं ते."

"छान. म्हणजे कॉलेजला कळणार. आपलं परमिट कुणाच्या नावावर आहे रे?"

"कॉलेजच्या."

"आणि पाच वर्षं पुरी व्हायला किती राहिलेत?"

"सात महिने." परमिटवर पाच वर्षं झाली की पुढे परमिटशिवाय राहता येतं.

"मी जाऊ नको म्हणत नाहीये, चारू. नुसतं विचारतेय."

नंतर कितीतरी दिवस मी मनाशी घोकत होतो की केतकीने घाबरवलं म्हणून पुढचं घडलं. साफ खोटं. तिने विचारायच्या आधीच, निहारिकाचा फोन चालू असतानाच, माझे ते सात महिने मोजून झाले होते.

गुरुवारी ट्रेन, मग लुआसची ट्राम करत मी सँडीफोर्डला पोचलो. निहारिका खाली दारातच उभी होती. "आलात! बरं वाटलं बघा," म्हणाली. लिफ्टमध्ये आरशात बघून तिने केस नीट केले. "संपलं की खाली कॉफी पिऊ. इथली बरी असते. मी पाजते."

एचआरची बाई, ईफा तिचं नाव, पन्नाशीची असेल. खडूस निघाली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती भली बाई होती. पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. मग म्हणाली, "हे बघा, मला कुणाला पकडायचं नाहीये. निहारिकाचं काम उत्तम आहे, तिचा मॅनेजर माझ्यामागे लागलाय. ही चूक तिची एकटीची नव्हती एवढं मला फाइलमध्ये लिहिता आलं, तर मार्ग निघेल. उत्तर 'नाही' भरा, असा सल्ला तुम्ही दिला होता का?"

निहारिका माझ्याकडे बघतही नव्हती. तिला खात्री होती. पेनाचं टोपण काढून ती माझं उत्तर लिहून घ्यायला बसली होती.

मी म्हणालो, "आमच्या कॉलेजचा असा कोणताही अधिकृत सल्ला नाही. प्रत्येकाने प्रश्न नीट वाचून स्वतःच्या जबाबदारीवर उत्तर द्यावं, असंच आम्ही शिकवतो. आमची सगळी सत्रं रेकॉर्ड केलेली आहेत. हवं तर पाठवतो."

ते रेकॉर्डिंगचं कुणी विचारलंही नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

"दादा?" निहारिका मराठीत म्हणाली. एवढंच. मी टेबलावरचा ग्लास उचलून पाणी प्यायलो. ईफाने तिला विचारलं, तुला काही सांगायचंय का. ती इंग्रजीत म्हणाली, "नाही. काही नाही."

कॉफीचा विषय निघाला नाही. ती माझ्याबरोबर ट्रामच्या स्टॉपपर्यंत मात्र आली. का आली, देव जाणे. कदाचित अजूनही मी काहीतरी बोलेन म्हणून.

"निहारिका, ऐक ना, माझंही परमिट..."

"हो ना. असेल."

ती ल्यूकनला राहते, आमच्या ॲडम्सटाउनच्या शेजारीच. शहराकडे जाणारी ट्राम आमची दोघांची होती. ती रूळ ओलांडून समोरच्या बाजूला गेली आणि उलट्या दिशेची ट्राम पकडून गेली. तिकडे तिचं कुणीही राहत नाही.

शुक्रवारी कंपनीने तिला काढलं. शनिवार-रविवार मी नीट जेवलो, झोपलो, गवत कापलं. हे मुद्दाम सांगतोय. अपराधी माणसाला घास उतरत नाही, झोप लागत नाही, वगैरे सगळी थाप आहे. गवत छान कापलं गेलं. शेजारचा म्हातारा कुंपणावरून म्हणालासुद्धा, "ग्रँड जॉब!" तेव्हा मात्र मशीन बंद करून मी तिथेच शेडमध्ये जाऊन बसलो आणि स्वतःला आईवरून शिव्या घातल्या. मोठ्याने. मराठीत.

सोमवारी सकाळी ऑफिसात बसून ईफाला मेल लिहिला आणि आमच्या डायरेक्टरबाईंनाही पाठवला. होय, सल्ला मीच दिला होता. एकट्या निहारिकाला नाही, चार वर्षांत दीडेकशे मुलांना. रेकॉर्डिंग बंद करून. गुरुवारी मी तुमच्यासमोर खोटं बोललो.

डायरेक्टरबाईंनी चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. ईफाचं उत्तर तासाभरात आलं. तीनच ओळी. कळवल्याबद्दल आभार. निर्णयावर सह्या झाल्या आहेत, आता तो उघडता येणार नाही. हे गुरुवारी हातात असतं, तर आम्ही तिला ठेवलं असतं.

तसाच ल्यूकनला गेलो. निहारिकाने दार उघडलं. तिच्या खोलीत पलंगावर कपड्यांच्या घड्या होत्या, बॅग उघडी होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने मेल वाचला, पुन्हा वाचला, आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"हे मला कशाला दाखवताय?"

"तुला कळायला हवं, म्हणून."

"काय कळायला हवं? आत्तापर्यंत मला वाटत होतं, तुम्ही बोलला असतात तरी त्यांनी काढलंच असतं. चार दिवस मी स्वतःला तेच समजावत होते. तेवढंही ठेवलं नाहीत." ती खुर्चीवर बसली. "तुम्ही स्वतःचं मन हलकं करायला आलात."

"हो," मी म्हणालो.

"झालं?"

"नाही."

तिने एक घडी उचलून बॅगेत टाकली. मग तिने स्वतःचा फोन उचलला. "बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय परमिट येतंय. मी सांगितलं तर ते मलाच विचारणार, खोटं का लिहिलंस. तुम्ही सांगा."

"मी?"

"मग कोण?"

मी हो-नाही म्हणायच्या आत तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन पलंगावर, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"बाबा, चारुदत्त सर आलेत. त्यांना बोलायचंय तुमच्याशी."

"अरे वा वा! नमस्कार सर!" तिच्या बाबांनी, नंदकुमार काकांनी, टीव्हीचा आवाज कमी केलेला ऐकू आला. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच हिच्या आईला म्हणत होतो. अहो, आमच्या समोरचे गिरीशराव, त्यांच्या मुलीलाही तुमच्याच कॉलेजला पाठवतायत. म्हटलं, डोळे मिटून पाठवा, आपला माणूस आहे तिथे."

निहारिका खिडकीबाहेर बघत होती.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही आधी बसून घ्या."

मी सुरुवातीपासून सांगायला लागलो. प्रश्न काय होता, मी काय शिकवलं, तिने काय विचारलं होतं आणि मी तिला कसं हसण्यावारी नेलं. काका मध्येमध्ये 'हं, हं' करत होते. गुरुवारच्या बैठकीपाशी आलो, ईफाने मला काय विचारलं ते सांगितलं, आणि त्यांचं 'हं' बंद झालं. मला पुढे बोलवेना.

"थांबलात का?" निहारिका म्हणाली. "तुम्ही काय उत्तर दिलंत, ते सांगा."